पेट्रोल घ्यावी की डिझेल? (फक्त मायलेज सांगू नका)

आळसोबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुनी हॅचबॅक आता थकली. नवी गाडी ठरली आहे, मॉडेल ठरलंय, रंगावरून घरात भांडणंही होऊन गेली. अडलंय ते इंधनावर. एकाच गाडीत तीन पर्याय आहेत: साधं दीड लिटर पेट्रोल, दीड लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेलं) डिझेल, आणि मधल्या किमतीत टर्बो पेट्रोल.

वापर असा: ऑफिस सहा-सात किलोमीटरवर, मुलांचे क्लास, बाजार, म्हणजे आठवडाभर छोट्या छोट्या खेपा. महिन्या-दोन महिन्यांनी एक लांबचा प्रवास, पाच माणसं आणि डिकी भरून, त्यात चढणीचा रस्ता. वर्षाचे सगळे मिळून दहा हजार किलोमीटरच्या आतबाहेर. गाडी घेतली की मी आठ-नऊ वर्षं तरी बदलत नाही.

मेहुणे डिझेलवर ठाम, बायको पेट्रोलवर. कारण विचारलं तर एकजण "मायलेज" म्हणतो, दुसरी "आवाज". त्यापुढे चर्चा सरकत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाचवा_गिअर

डिझेल. एकदा टर्बो डिझेलचा ओढा, म्हणजे गाडी खेचायचा जोर, अनुभवलात की साधं पेट्रोल म्हणजे नुसती कुरकुर वाटेल. शिवाय टाकी एकदा भरली की पंपाचं तोंड बघायला नको.

रिकामटेकडी

आला, पहिलाच प्रतिसाद "विषय संपला" छापाचा आला. आता धाग्यावर शंभर प्रतिसाद नक्की. मी बसते.

हिशेबनीस

आळसोबा, मायलेज सांगू नका म्हणालात, पण मायलेजचा हिशेब लोक चुकीचा मांडतात म्हणून तेवढाच करून टाकतो. इंधनाचे भाव सारखे हलतात, म्हणून पैसे बाजूला ठेवा आणि सगळं पेट्रोलच्या लिटरात मोजा.

समजा डिझेल गाडी जेवढी महाग आहे तेवढ्या पैशांत १,००० लिटर पेट्रोल येतं. पेट्रोल गाडी लिटरला १५ किमी देते, डिझेल २०. आणि डिझेलचा भाव पेट्रोलच्या ९० टक्के आहे. शंभर किलोमीटरला पेट्रोल गाडी ६.६७ लिटर पिणार. डिझेल गाडी ५ लिटर, पण भाव कमी म्हणून ते पडतं ४.५ लिटर पेट्रोलच्या पैशांत. दर शंभर किलोमीटरला वाचले २.१७ लिटर. म्हणजे जास्तीचे १,००० लिटर वसूल व्हायला सुमारे ४६ हजार किलोमीटर.

आता फक्त भाव हलवून बघा. दोन्ही इंधनं एकाच भावाला असली तर तोच आकडा ६० हजारांवर जातो. डिझेल दहा टक्के महाग झालं तर ८५ हजारांच्या पुढे. तुमच्या दहा हजारांच्या वापरात पहिल्या परिस्थितीत साडेचार वर्षं, तिसरीत साडेआठ. आणि पुढच्या आठ वर्षांत भाव कुठे असतील हे शोरूममधला कुणीही सांगू शकत नाही, त्यामुळे त्यांच्या "तीन वर्षांत वसूल" या वाक्याला फार किंमत देऊ नका.

यात कर्जाचं व्याज, महाग गाडीचा जास्त विमा आणि सर्व्हिसिंगमधला फरक धरलेला नाही. विकताना डिझेलला थोडे जास्त मिळाले तर तेही धरलेले नाहीत. आपापल्या गावचे आकडे टाका. फक्त १५ आणि २० च्या जागी ब्रोशरमधले आकडे टाकू नका, तसाच वापर असलेल्या एखाद्या मालकाला विचारा.

पाचवा_गिअर

हिशेब मान्य, पण माणूस गाडी काय वहीत चालवतो का? आणि पंचवीस टक्के इंधन कमी लागतं ही काय थोडी गोष्ट आहे?

यंत्रवत

त्या पंचवीस टक्क्यांतला मोठा भाग लिटर या मापाची गंमत आहे. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम, डिझेलचं ८३० च्या आसपास. उष्णता पेट्रोलमध्ये लिटरला सुमारे ३२ मेगाज्यूल, डिझेलमध्ये ३६. म्हणजे डिझेलच्या लिटरात मुळातच बारा-तेरा टक्के जास्त माल असतो. तो वजा केला की इंजिनाची खरी हुशारी कळते. ती आहेच, पण जाहिरातीत दिसते तेवढी नाही.

हुशारी येते दोन ठिकाणांहून. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण दाबून ठिणगीने पेटवतात. जास्त दाबलं तर ते वेळेआधी पेटतं, म्हणून दाबाचं प्रमाण साधारण १० ते १२ पटींवर थांबवावं लागतं. डिझेलमध्ये नुसती हवा दाबतात, १५ ते १८ पट वगैरे, ती इतकी तापते की वरून इंधन फवारलं की आपोआप पेट घेतं. जितकं जास्त दाबाल तितकं उष्णतेतून काम जास्त निघतं. दुसरं म्हणजे पेट्रोल इंजिनाला हळू चालवायचं तर थ्रॉटलची झडप मिटून हवाच कमी सोडावी लागते, आणि त्या अरुंद वाटेने हवा ओढण्यात इंजिनाचीच ताकद खर्च होते. डिझेल हवा पोटभर घेतं, फक्त इंधन कमी-जास्त करतं. म्हणून तुंबलेल्या रस्त्यावर रखडताना डिझेलचा फायदा जास्त दिसतो.

रिकामटेकडी

म्हणजे आळसोबांच्या रखडत्या शहरी वापराला डिझेलच बरं? चक्र उलटं फिरलं की हो.

गॅरेजवाले_नाना

थांबा ताई. रखडणं वेगळं आणि इंजिन गरम व्हायच्या आधी बंद करणं वेगळं. या धाग्यात खरा मुद्दा हाच आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आताच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. काजळी साठत जाते, आणि ठरावीक साठली की ती जाळावी लागते. हायवेवर गाडी दमदार चालत असली तर धूर बराच तापलेला असतो, थोडी थोडी काजळी आपसूक जळते. तसं झालं नाही की इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतः कामाला लागतो: जादा डिझेल फवारून गाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि साफसफाई करतो. याला दहा ते वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ गाडी चालत राहावी लागते.

आता तुमची सहा-सात किलोमीटरची खेप बघा. डिझेल इंजिन तापायलाच वेळ घेतं, कारण ते उष्णता कमी वाया घालवतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत ऑफिस आलं. सफाई सुरू झाली असेल तर अर्ध्यात तुटली. संध्याकाळी पुन्हा तेच. असं सलग काही आठवडे झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो बघून लगेच मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एका लयीत, एक गिअर खाली ठेवून, इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर गाडी चालवली तर बहुतेक वेळा निभावतं. दुर्लक्ष केलं तर गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद आखडून घेते, आणि मग गॅरेजमध्ये मशीन लावून जबरदस्तीची सफाई. तीही नाही जमली तर नवी गाळणी. तिचा खर्च ऐकून गिऱ्हाईक आधी खुर्ची मागतं.

दुसरा त्रास लोकांना माहीतच नसतो. सफाईसाठी जे जादा डिझेल सिलिंडरात फवारलं जातं त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. सफाई वारंवार अर्धवट राहिली की हे प्रमाण वाढतं. डिपस्टिक काढून बघावी तर ऑइलची पातळी वर चढलेली! मालक खूश, की गाडी ऑइल खात नाही. प्रत्यक्षात ऑइल पातळ होऊन टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर बेतलेलं असतं.

सफाई चालू आहे हे ओळखायचं कसं? उभ्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या नेहमीपेक्षा किंचित जास्त, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) चालेनासं होतं, गाडी बंद केल्यावरही पंखा भणभणत राहतो, जळका वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर आणखी एक फेरी मारून या.

आळसोबा

नाना, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण माझा महिन्या-दोन महिन्यांनी लांबचा प्रवास असतोच. तेवढ्यात साफ होणार नाही का?

गॅरेजवाले_नाना

महिन्याच्या महिन्याला नक्की होत असेल तर बरंचसं भागेल. दोन-अडीच महिन्यांचं अंतर पडलं तर मी हमी देणार नाही. गाळणीला सवड साधारण काही शे किलोमीटरची असते. तुमचे शहरातले किलोमीटरच महिन्याला तेवढे होतात.

एक_वाचक

गाळणी काढूनच टाकायची ना मग. बरेच जण काढतात, कॉम्प्युटरमध्ये "सेटिंग" करून मिळतं.

गॅरेजवाले_नाना

मी करून देत नाही. ज्या देशांत धुराचे आजचे नियम आहेत तिथे ते बेकायदा आहे, तपासणीत गाडी नापास होते, आणि विमा व वॉरंटीचे वांधे होतात ते वेगळेच. आणि ती काजळी शेवटी मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जाते.

सूक्ष्मदर्शी

नानांच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. पेट्रोल इंजिनाचा धूर त्याच बैठकीत "शक्यता आहे" या २-बी गटात राहिला. हे निष्कर्ष मुख्यतः जुन्या, गाळणी नसलेल्या इंजिनांच्या अभ्यासावर आधारलेले होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. नीट चालणारी गाळणी असलेलं आजचं डिझेल काजळीच्या बाबतीत फारच स्वच्छ असतं. म्हणून तर ती काढणं हा गुन्हा वाटतो.

दुसरं दुखणं नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन वजनाने १४.७ ला १ या प्रमाणात ठेवतात. त्या प्रमाणात धुराड्यातला एकच थ्री-वे कॅटॅलिस्ट तिन्ही विषारी घटक (कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं) एका दमात निकालात काढतो. डिझेलमध्ये हवा कायम जास्त असते, त्या जादा ऑक्सिजनमुळे हा सोपा उपाय चालत नाही. म्हणून मग थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआर, आणि पुष्कळ गाड्यांत युरियाचं द्रावण फवारणारी एससीआर यंत्रणा. ते द्रावण म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरिया. त्याची वेगळी टाकी असते, ती रिकामी झाली तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही, आणि उणे ११ अंशांखाली ते गोठतं म्हणून थंड प्रदेशांत टाकीला हीटर लागतो.

एवढा खटाटोप टाळायचा म्हणून काय होतं ते सप्टेंबर २०१५ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली: गाडीची तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. रस्त्यावर काही गाड्या मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइडं सोडत होत्या. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता. त्या वर्षी पश्चिम युरोपात नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या, त्यानंतर तो वाटा घसरतच गेला. व्होल्वोने तर २०२४ च्या सुरुवातीला शेवटची डिझेल गाडी बनवून हा विषय बंद केला.

पाचवा_गिअर

कार्बन डायऑक्साइड विसरलात वाटतं सोयीने. तिथे डिझेल जिंकतं.

सूक्ष्मदर्शी

जिंकतं, पण थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलमधून २.७ च्या जवळ. हिशेबनीसांचेच १५ आणि २० घ्या: पेट्रोल किलोमीटरला साधारण १५४ ग्रॅम, डिझेल १३४. वीस ग्रॅमची आघाडी. गाडी आणखी जड आणि मोठी घेतली की तीही संपते.

इतिहासाची_वही

किंचित अवांतर. रुडॉल्फ डिझेलने पेटंट मिळवलं ते १८९२-९३ च्या सुमारास, आणि चालणारं इंजिन ऑग्सबुर्गमध्ये १८९७ साली सिद्ध झालं. अधिकृत चाचणीत त्याची कार्यक्षमता २६ टक्के भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे अफाटच. पण ते यंत्र होतं खोलीएवढं. प्रवासी गाडीत बसेल एवढं करून मर्सिडीज-बेंझने २६०-डी विकायला आणली ती १९३६ मध्ये, आणि ती जास्त करून टॅक्सीवाल्यांनी उचलली. दिवसभर गाडी हाणणाऱ्याला डिझेल, हे गणित तेव्हापासूनचं आहे. खुद्द डिझेलसाहेब १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसे झाले, त्याचं कोडं आजही चघळलं जातं. त्यावर वेगळा धागा काढेन कधीतरी.

रिकामटेकडी

काढाच. तोवर मूळ धाग्यावर या, पाचवा गिअर यांचा ओढ्याचा मुद्दा राहिलाय. चढणीवर पाच माणसं आणि सामान म्हटल्यावर तो महत्त्वाचा नाही का?

पाचवा_गिअर

देव भलं करो ताई तुमचं! तेच तर सांगतोय. दीड लिटर डिझेलचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, सुमारे २५० न्यूटन मीटर, तोही १७५० फेऱ्यांवर. साध्या पेट्रोलचा १४५ च्या आसपास, आणि तो मिळवायला साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत बोंबलत जायचं.

यंत्रवत

आकडे बरोबर, पण चाकांपर्यंत जातो तो टॉर्क गुणिले फेऱ्या, म्हणजे शक्ती. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये, फेऱ्या मिनिटाला. दोन्हींचा गुणाकार करून ९,५४९ ने भागलं की किलोवॅट. १७५० फेऱ्यांवर तुमचं डिझेल देतं ४६ किलोवॅट. साधं पेट्रोल त्याच फेऱ्यांवर १२० न्यूटन मीटर देत असेल तर फक्त २२. निम्म्याहून कमी! चढणीवर लोकांना "पेट्रोलमध्ये दम नाही" वाटतं ते यामुळे. पण तेच ४६ किलोवॅट पेट्रोल इंजिन ३,२०० फेऱ्यांच्या आसपास देतं. म्हणजे एक किंवा दोन गिअर खाली आणायचे. आवाज वाढतो, इंजिनाला काही होत नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. आपल्याकडे गिअर खाली आणणं कमीपणाचं समजतात, त्याला इंजिन काय करणार.

एक गोष्ट मात्र डिझेलच्या, खरं तर टर्बोच्या बाजूने. उंचीवर हवा विरळ होते, साध्या इंजिनाची ताकद हजार मीटरला सुमारे दहा टक्के घटते. टर्बो ती बरीचशी भरून काढतो. पण टर्बो आता पेट्रोललाही येतो, आणि दीड लिटर टर्बो पेट्रोलसुद्धा सोळाशे-सतराशे फेऱ्यांपासून अडीचशे न्यूटन मीटर देतं. तेव्हा ओढ्याची तुलना डिझेल विरुद्ध साधं पेट्रोल अशी करणं पाच-सात वर्षांपूर्वी ठीक होतं.

लांबचा_वाटसरू

मी डिझेलवाला, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझं काम फिरतीचं, रोज शंभराच्या वर किलोमीटर, सगळा मोकळा रस्ता. असल्या वापरात नानांनी सांगितलेली एकही भानगड कधी दिसली नाही. गाळणीचा दिवा कसला असतो ते मला माहीतही नाही. इंजिन सकाळी एकदा गार असताना सुरू होतं आणि मग दिवसभर आपल्या तापमानात, आपल्या लयीत चालतं. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त गार असताना होते, त्यामुळे माझ्या गाडीचे दोन लाख किलोमीटर शहरातल्या गाडीच्या साठ हजारांपेक्षा बरे. वेग कायम, फेऱ्या दोन हजारांच्या खाली, कानाला त्रास नाही. एका टाकीत हजाराच्या जवळ जातो.

माझ्यासारख्याने पेट्रोल घेतली तर तो वेडेपणा. फक्त आळसोबांचा वापर माझ्यासारखा नाही.

रिकामटेकडी

वाटसरूंना +१, डिझेलप्रेमी असूनही मूळ प्रश्न वाचला म्हणून.

बाय द वे, घरात एक पेट्रोल आणि एक डिझेल झाली तर चुकीचं इंधन भरायची भीती वाटते. भरलं तर काय होतं?

गॅरेजवाले_नाना

पेट्रोल गाडीत डिझेल जाणं तसं अवघड, कारण डिझेलचं नोझल सहसा जाड असतं, पेट्रोलच्या तोंडात बसत नाही. गेलंच तर गाडी धूर ओकते, गचके खाते, बंद पडते. टाकी आणि लाइन साफ करून प्लग बदलले की बहुधा निभावतं.

उलटं जास्त वाईट. डिझेलला स्वतःचा थोडा तेलकटपणा असतो, त्याच्यावर हाय प्रेशर पंप जगतो. आजच्या कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून इंधन पुरवणाऱ्या) पंपात दाब १,६०० ते २,५०० बार. त्यात पेट्रोल गेलं की धातूवर धातू घासतो, बारीक चुरा सुटतो, तो इंधन फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरांपर्यंत पोचतो. म्हणून पेट्रोल पंपावरच लक्षात आलं तर किल्ली फिरवायचीसुद्धा नाही. इग्निशन चालू केलं तरी काही गाड्यांत टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करायला माणूस बोलवा. लाज वाटून "थोडंच गेलंय" म्हणत गाडी चालवणारे मला जास्त पैसे देऊन जातात.

एक_वाचक

नवी डिझेल परवडत नसेल तर जुनी घ्यावी का? तीन-चार वर्षांच्या गाड्या बऱ्या किमतीत दिसतात.

गॅरेजवाले_नाना

आधी विचारा की ती स्वस्तात का दिसते. कुणीतरी आळसोबांसारख्या वापराला डिझेल घेतली आणि गाळणीचा दिवा लागायला लागल्यावर विकायला काढली, असं फार वेळा असतं. कमी चाललेली डिझेल बघून लोक भुलतात. मी तर हायवेवर जास्त चाललेली, पण सर्व्हिसची कागदपत्रं पूर्ण असलेली गाडी आधी बघेन.

बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत या. गार इंजिन एका दमात सुरू व्हायला हवं. धूर बघा: काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि न थांबणारा म्हणजे न जळलेलं इंधन नाहीतर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी). चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून बघा, जोराचा भपकारा आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. धुराड्याच्या तोंडात बोट फिरवा. गाळणी असलेल्या गाडीत बोट जवळपास स्वच्छ यायला हवं. काजळीने माखलं तर गाळणी फुटली आहे नाहीतर कुणीतरी काढलीय.

सूक्ष्मदर्शी

आळसोबा, यादीत हायब्रिड नाही का? छोट्या खेपा आणि रखडता रस्ता हे तर तिचंच काम.

आळसोबा

या मॉडेलमध्ये नाही हो, आणि मॉडेल बदलायचं म्हटलं तर रंगापासून पुन्हा सुरुवात. ते नको.

सगळ्यांचं वाचून डिझेल मनातून गेलंय. मेहुण्यांना नानांचा प्रतिसाद पाठवला, ते गप्प आहेत. आता साधं पेट्रोल की टर्बो पेट्रोल? टर्बोही लवकर बिघडतो असं ऐकतो.

यंत्रवत

टर्बो पेट्रोलची दोन दुखणी आधीच माहीत असू द्या. बहुतेकांत इंधन थेट सिलिंडरात फवारतात, त्यामुळे झडपांच्या पाठीवर जी धुलाई जुन्या इंजिनांत आपोआप व्हायची ती होत नाही, कालांतराने कार्बनचे थर बसतात. आणि मायलेज पूर्ण तुमच्या उजव्या पायावर. हळुवार चालवली तर छान, टर्बोला सतत कामाला लावलं तर साध्या पेट्रोलपेक्षाही जास्त पिते. साधं इंजिन या बाबतीत गरीब आहे. कमी भाग, कमी उष्णता, कमी कटकट.

हिशेबनीस

माझं मत साध्या पेट्रोलला. वर्षातले बहुतेक किलोमीटर शहरात असताना, चार-सहा प्रवासांच्या चढणींसाठी जास्त पैसे का द्यायचे?

पाचवा_गिअर

कारण त्याच प्रवासांसाठी माणूस गाडी घेतो, हिशेबनीस! ऑफिसला तर रिक्षाही चालते.

गॅरेजवाले_नाना

दोघांचंही खरं. टर्बो घेतलात तर एवढं करा: कंपनीने पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल, आणि छोट्या खेपांचा वापर असेल तर बदलायची मुदत किलोमीटरवर न जाता महिन्यांवर मोजा. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं जोर देऊ नका. मोठी चढण चढून वर आल्या आल्या इंजिन बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या. टर्बो लवकर जातो तो बहुतेक वेळा ऑइलमुळे.

आणि ठरवण्याआधी टेस्ट ड्राइव्ह घ्या, पण शोरूमवाला नेतो त्या सपाट रस्त्यावर नाही. पाच माणसं बसवा, एसी लावा, जवळची सगळ्यात उभी चढण निवडा, तिच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवा आणि तिथून उचला. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच चढणीवर. साध्या पेट्रोलने पहिल्या गिअरमध्ये निमूट उचललं आणि दुसऱ्यात दम धरला, तर तीच घ्या. क्लच जळल्याचा वास आला तर टर्बो.